आधी अंगण झाडा

कुत्रा अंगणात स्वतःची शी खातो, ही गोष्ट घराबाहेर जात नाही. तो चपला कुरतडतो, पोस्टमनवर धावून जातो, सोफ्यातला कापूस उपसतो, हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलं जातं. हे एक मात्र पशुवैद्याकडेसुद्धा बाकीचं सगळं बोलून झाल्यावर, निघता निघता, आवाज खाली आणून विचारलं जातं. आणि ज्या दुखण्याची लाज वाटते त्याला हमखास इलाज सुचवणारे नेहमीच जास्त भेटतात. मूळव्याधीचा बाजार चालतो तसाच हाही चालतो.

इलाज ठरलेले आहेत. ‘कॅल्शियम कमी पडतंय त्याला.’ ‘एकदा नाक घासा त्यात, पुन्हा तोंड लावायचा नाही.’ ‘वरून तिखट भुरभुरा.’ ‘जेवणात अननसाच्या फोडी द्या.’ ‘पावडर मिळते हो, महिनाभर घाला.’ शिवाय प्रत्येक गल्लीत एक तत्त्वज्ञ असतोच. तो म्हणतो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, सोडून द्या. फाटकापाशी, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे सल्ले मी ऐकत आलो आहे. त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: शी अंगणात होती तिथेच राहते. औषध कुत्र्याला, मार कुत्र्याला, तिखट कुत्र्याच्या जिभेला. जे उचलायचं ते उचलायला मात्र कोणी खाली वाकत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

कॅल्शियमचा सल्ला त्यातल्या त्यात सभ्य, म्हणून सर्वांत जास्त पसरलेला. आपल्याकडे गर्भार बाई, वाढतं मूल, म्हातारं माणूस आणि दुभती म्हैस या सगळ्यांना कॅल्शियम चांगलं; मग कुत्र्यालाच का नाही? पेट शॉपमधला मुलगा ‘काका, शंभर टक्के डेफिशियन्सी आहे’ म्हणत मागच्या फळीवरून बाटली काढतो. रक्त तपासलेलं नसतं, कुत्रा समोर नसतो, तो काय खातो हेही विचारलेलं नसतं. आणि ही बाटली निरुपद्रवी आहे असं समजू नका. ग्रेट डेनसारख्या थोराड जातींच्या पिल्लांवर झालेल्या संशोधनातून हे केव्हाच स्पष्ट झालं आहे की वाढीच्या वयात जास्तीचं कॅल्शियम हाडांची घडण बिघडवतं. कारण लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम पुरतं नाकारता येत नाही. पिशवीतलं पूर्ण खाद्य खाणाऱ्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला वर सिरप पाजणारे प्रेमापोटीच पाजतात. पाय वाकडे व्हायला प्रेमाची आडकाठी नसते.

कमतरतेची कल्पना अगदीच हवेतून आलेली नाही, हे कबूल. बीगल जातीच्या कुत्र्यांना मुद्दाम थायामिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मिळणार नाही असा आहार देऊन केलेल्या एका प्रयोगात ती शी खाऊ लागल्याची नोंद आहे. पण प्रयोगशाळेत मोजून-मापून एक जीवनसत्त्व तोडलेल्या कुत्र्यावरून, दोन वेळा चिकन-भात खाऊन वर मालकाच्या ताटातली पोळी मागणाऱ्या कुत्र्याचं निदान करणं म्हणजे दुष्काळी छावणीतल्या नोंदींवरून लग्नाच्या पंगतीतल्यांना टॉनिक वाटणं झालं.

आता पावडरीकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय शाळेतले बेंजामिन हार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी 2018 साली या विषयावर दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध केल्या. पहिलीत 1552 मालकांनी उत्तरं दिली, दुसरीत 1475 जणांनी. दुसऱ्या पाहणीत फक्त शी खाणाऱ्या कुत्र्यांचेच मालक होते. पहिल्या पाहणीतली 16 टक्के कुत्री नेहमी खाणारी निघाली. ‘नेहमी’ म्हणजे निदान सहा वेळा खाताना पाहिलेली. म्हणजे दर सहा-सात कुत्र्यांमागे एक. वय आणि आहार यांचा संबंध काही दिसला नाही. दिसला तो हावरेपणाशी. आणि बाजारात याच कामासाठी विकली जाणारी 11 उत्पादनं मालकांनी वापरून पाहिली होती, त्यांचं यश किती? शून्य ते दोन टक्के.

यावर पावडरवाल्यांचं उत्तर मला ठाऊक आहे: ही तर नुसती मालकांची सांगोवांगी, याला कोण विज्ञान म्हणेल? खरं आहे, पाहणी मालकांच्या सांगण्यावरच उभी आहे आणि मालक चुकतात. पण चुकायचेच झाले तर ते कोणत्या बाजूनं चुकतील? ज्यानं पदरचे पैसे घालून डबा आणलाय त्याला गुण आलेला दिसतोच. घरातल्यांना दाखवायला तरी दिसावा लागतो. इतका कल औषधाच्या बाजूनं असूनही आकडा दोनाच्या वर सरकला नाही.

मग शेजारच्या काकूंच्या ब्रुनोला गुण कसा आला? एक तर ब्रुनो तेव्हा चार महिन्यांचा होता. पिल्लं जग तोंडानं तपासतात. माती, दगड, मोजे, शी, सगळं एकाच यादीत असतं, आणि बरीचशी मोठी होता होता आपोआप सोडतात. दुसरं असं की डबा घरात आला की आठवडाभर सगळ्या घराचं लक्ष कुत्र्यावर असतं. गुण येतोय का ते बघायला कोणीतरी त्याच्या मागे मागे अंगणात जातं, आणि गेलंच आहे तर उचलूनही टाकतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. फांदी मोडल्याचं बिल कावळ्याचा कारखाना लावतो. शिवाय त्या पावडरीमागचा विचार तरी बघा. म्हणे शीची चव बिघडते. जिची चव आणखी बिघडवायला जागा उरली आहे असा पदार्थ म्हणून शीकडे पाहणाऱ्या माणसाच्या कल्पनाशक्तीला माझा नमस्कार.

अननसाचं तेच. पपईचंही तेच. फोडी खाऊन कुत्र्याचं नुकसान बहुधा होत नाही, इतकीच त्यांची बाजू. पण याच रांगेत कोणी ‘जंतांवर बरी’ म्हणून लसूण सांगतं, आणि तिथे मात्र हात धरला पाहिजे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. तो मसाला नव्हे, विष आहे. उरलेला रस्सा कुत्र्याच्या ताटलीत ओतणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

नाक घासणाऱ्यांशी वाद घालायला मला जास्त जोर येतो. हा इलाज पिल्लाला ‘घरात करायची नाही’ हे शिकवण्याच्या जुन्या अडाणी पद्धतीतून आला. आता कुत्र्याच्या बाजूनं बघा. त्यानं दहा मिनिटांपूर्वी शी केली. मालक आला, मानगूट धरली, तोंड दाबलं, वर दोन रट्टे दिले. यातून कुत्रा काय शिकतो? खाऊ नये हे शिकत नाही, कारण त्या क्षणी तो खात नव्हता. तो शिकतो ते असं: जमिनीवर शी आणि जवळ मालक, हे दोन्ही एकदम असले की मार बसतो. यातली एक गोष्ट त्याला नाहीशी करता येते. मालक गिळता येत नाही. मग तो कुंपणाच्या मागे, गाडीच्या खाली, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे जाऊन करतो आणि करता करताच वळून संपवतो, पूर्वीपेक्षा दुप्पट वेगानं. मालक म्हणतो, बघा किती लबाड आहे, मुद्दाम करतो. लबाडी कसली? पुरावा नष्ट करायला तुम्हीच शिकवलंत.

ओरडत धावून जाणाऱ्यांचंही फारसं वेगळं होत नाही. ज्या वस्तूकडे घरातला कर्ता पुरुष लुंगी सावरत पळत सुटतो, ती वस्तू मोलाचीच असणार, असा कुत्र्याचा सरळ हिशेब असतो. शर्यत लागली की जो जवळ आहे तो जिंकतो. आणि तोंडातून हिसकावून घेऊ लागलात तर आज ना उद्या तो दातांनी राखायला शिकेल. मग शी खाणारा कुत्रा राहिला बाजूला, चावणारा कुत्रा पदरात. तेवढ्यानं ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्राण्याला मारहाण करणं, त्याचे हाल करणं, आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं, हा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा नाममात्र आहे, म्हणून गुन्हा लहान ठरत नाही.

तिखटवाले मला मनापासून आवडतात, कारण त्यांचा इलाज त्यांच्याच हातांनी कोसळतो. शीवर तिखट टाकायचं तर काय करावं लागतं? कुत्रा कधी करतो यावर डोळा ठेवायचा. केली की डबी घेऊन अंगणात जायचं. जागा शोधायची. वाकायचं. भुरभुरायचं. कुत्र्याच्या आधी पोचायचं. हे सगळं करणाऱ्या माणसाच्या हातात डबीऐवजी केरभरणी असती तर प्रश्न त्याच वाकण्यात मिटला होता. पण नाही, तो तिखट टाकून परत येतो आणि खिडकीतून बघत बसतो, आता कशी फजिती होते ते. फजिती बहुधा होत नाही, आणि झालीच तर कुत्रा तिखट लागलेली आणि न लागलेली यांतला फरक वासानं ओळखायला शिकतो. हार्ट यांच्या पाहणीत माणसांनी केलेले असले वर्तनोपचारही विचारले होते. एकाचंही यश चार टक्क्यांच्या पुढे गेलं नाही.

मग लोक उचलत का नाहीत? इथे प्रश्न कुत्र्याचा राहत नाही.

बंगल्याच्या अंगणातली सकाळ आठवा. कुत्र्याला साडेसहाला मागचं दार उघडून ‘जा’ म्हणून सोडलं जातं. तो फणसाच्या झाडाखाली दोन गिरक्या घेतो, पाठ वाकवतो, करतो, मागच्या पायांनी पाचोळा उडवतो, वळून वास घेतो. गिरकीपासून इथवर मिनिटभर लागलं असेल नसेल. साहेब व्हरांड्यात चहा आणि पेपर घेऊन बसलेले आहेत; त्यांना फणस दिसतो, कुत्राही दिसतो. ‘मावशी आल्या की उचलतील.’ मावशी येणार दहाला. त्यांना भांडी-फरशीचा पगार आहे. कुत्र्याची शी कोणत्या बोलीत ठरली होती, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही. साडेसहा ते दहा एवढा वेळ हावरं जनावर आणि ताजी शी एकाच अंगणात सोडायची, आणि मग डॉक्टरांना विचारायचं, ‘असं का करतो हो हा?’

आपण शेणाला हात लावतो. गोवऱ्या थापतो, अंगण सारवतो, सणाला त्यावर रांगोळी काढतो. बाळाचे लंगोट धुतो. पण कुत्र्याची शी दिसली की हात आपोआप मागे जातात आणि डोळे दुसऱ्या कोणाला तरी शोधू लागतात, अशा कामाला पिढ्यान्पिढ्या ज्यांना जुंपलं त्यांतल्या कोणाला तरी. नुसत्या किळसेचं हे स्पष्टीकरण मला पटत नाही. किळस सगळ्यांनाच येते, ती घाण मागे सोडून पळून जाण्याची सोय मात्र काहींनाच असते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैला सफाईचं काम आपल्याला द्यावं अशी मागणी केली. उच्च जातीच्या कैद्याला ते काम देण्याचा रिवाज नव्हता, म्हणून नकार मिळाला. आप्पांनी अन्न तोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरात उपोषण सुरू केलं. एका माणसाला घाण उचलायची परवानगी मिळावी म्हणून दोन तुरुंगांत उपास! पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पा मैल्याचं खत करणारे संडास बांधत बसले. आणि इथे, आपल्याच अंगणात, आपल्याच लाडक्या कुत्र्याची, मूठभर शी उचलायला आपण अमेरिकन पावडर मागवतो. गाडगेबाबांच्या नावानं राज्यात ग्रामस्वच्छतेचं अभियान 2000 सालापासून चालू झालं. त्या नावाचा फलक कुंपणाला लावलेल्या घरांतसुद्धा खराटा धरणारा हात घरातला नसतो.

‘आमचा गावठी आहे, जातीवरच गेलाय,’ हे वाक्यही याच मुशीतलं. रस्त्यावरच्या आणि गावातल्या कुत्र्यांनी हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर आणि हागणदारीवर पोट भरलं, हे खरंच. कुत्रा माणसाळला तोच मुळी वस्तीच्या कचऱ्यामुळे, असं मांडणारे अभ्यासक आहेत. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांचं त्याविषयीचं पुस्तक 2001 चं. पण म्हणून हा गावठीचा गुण ठरत नाही. साठ हजारांचा लॅब्रॅडॉरही तेच करतो, आणि किंमत ऐकून कोणी म्हणत नाही की जातीवर गेला.

लॅब्रॅडॉरचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की या जातीतल्या सुमारे चौथ्या हिश्श्यात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि तो गळालेली कुत्री खाण्यासाठी जास्त कासावीस असतात, वजनानंही जास्त भरतात. दोन जेवणांच्या मधे त्यांना भूक जास्त लागते. अशा जनावराला ‘तुला आम्ही काही कमी करतो का रे?’ असं डोळ्यांत पाणी आणून विचारणाऱ्या आई-वडिलांची मला कीव येते. तुम्ही काही कमी करत नाही. त्याला ते कळत नाही, इतकंच.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो. हे वाचन असलेले. ते म्हणतात, निसर्गच आहे तो; कुत्री पिल्लांची शी खाऊन बीळ स्वच्छ ठेवते; ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खाऊनच जगतो; तुम्ही उगाच माणसाची सोवळी-ओवळी कुत्र्यावर लादता. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. व्यालेली कुत्री पहिले तीनेक आठवडे पिल्लांना चाटून त्यांची शी-शू गिळते. तिला रागवणाऱ्यांनी आधी पिल्लांचं पुढे काय होईल ते पाहावं. हार्ट यांचाही तर्क याच वाटेनं जातो. त्यांना आढळलं की 80 टक्क्यांहून जास्त मालकांची कुत्री ताजी, दोन दिवसांच्या आतली शी खातात. शीतून पडणारी जंतांची अंडी बहुधा लगेच बाधत नाहीत, त्यांत रोग देणारी अळी तयार व्हायला वेळ लागतो. तेव्हा लांडग्याच्या बिळापाशी आजारी किंवा म्हाताऱ्या लांडग्यानं केलेली घाण ताजी असतानाच खाऊन टाकणं हा बीळ झाडून घेण्याचा मार्ग असावा. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण पटला तर त्याचा अर्थ सोडून देणाऱ्यांना वाटतो त्याच्या नेमका उलटा निघतो: कुत्रा अंगण साफ करतो आहे, कारण ते साफ करणारं दुसरं कोणी त्याला दिसत नाही.

आणि बिळाचा न्याय आपल्या अंगणाला पुरत नाही. फाटकाखालून शेजारचं, रस्त्यावरचं कुत्रं येऊन करून जातं. जिआर्डियाच्या पुटिका पडल्या क्षणापासून बाधतात. पार्वोचा विषाणूही तसाच. तो मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लस न झालेल्या पिल्लाला चार-पाच दिवसांत नेतो. अंगणात पोरं अनवाणी खेळतात. शी उचलली नाही तर ओल्या उबदार मातीत आकडी-जंताची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात तळव्याच्या कातडीतून आत शिरायला अळ्या तयार होतात. गोलकृमीच्या अंड्यांना दोनेक आठवडे लागतात, पण मग ती मातीत वर्षानुवर्षं राहतात. पावसाळ्यात एका जागेची घाण सगळ्या अंगणाची होते. त्याच तोंडानं कुत्रा धाकट्याचा गाल चाटतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून शी त्याच दिवशी उचलणं हा कुत्र्याच्या खोडीवरचा इलाज आहे तसा पोरांच्या पायांवरचाही आहे, आणि त्यासाठी कुठल्या सिद्धांतावर विश्वास ठेवावा लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? आजवर कधी न खाणारा मोठा कुत्रा अचानक खाऊ लागला तर जरूर जा. खा-खा सुटली आहे, ताटली चाटून पुसून होते, तरी बरगड्या दिसू लागल्या आहेत, शी फिक्कट, तेलकट, ढीगभर होते आहे, असं असेल तर उशीर करू नका. स्वादुपिंड पाचकरस करेनासं झालं की असं होतं आणि अल्सेशियनमध्ये ते जास्त दिसतं. शीत न पचलेलं अन्न जातं, म्हणून तिला अन्नाचाच वास येतो. मधुमेह, कुशिंगचा आजार, खाज कमी व्हावी म्हणून चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, हेही भूक पेटवतात. जंतांचं औषध वेळच्या वेळी हवंच. आणि दूध-पोळीवर पोसलेल्या कुत्र्याची शी पातळ होत असेल तर आधी दूध बंद करून बघा; मोठ्या कुत्र्यांना बहुधा दुधातली साखर पचत नाही. पातळ शी मातीत मुरते, नीट उचलताच येत नाही, आणि चाटायला उरते. पण ज्या कुत्र्याचं वजन, तरतरी, शी सगळं ठीक आहे त्याच्या नावानं तपासण्यांची फाइल करू नका. त्याला रोग नाही, संधी आहे.

संधी काढून घ्यायची रीत फार साधी आहे, म्हणूनच ती कोणाला इलाज वाटत नाही. जेवणाच्या वेळा बांधा. कुत्रा उठल्यावर आणि जेवल्यावर थोड्याच वेळात करतो. त्या वेळी दार उघडून ‘जा’ म्हणू नका, पट्टा लावून बरोबर जा. पट्टा सैल ठेवा, तोंडाकडे बघत बसू नका, मोबाइल खिशात ठेवा. केली, वळायला लागला, की वास घ्यायच्या आत आनंदानं हाक मारा आणि खिशातला उकडलेल्या चिकनचा तुकडा तोंडाशी धरा. शाकाहारी घर असेल तर पनीर चालतं. करून झालं की माणसाकडे तोंड फिरवायचं, तिथे जास्त चांगलं मिळतं, एवढं त्याच्या अंगी लागू द्या. ‘सोड’ हा शब्द शिकवा, पण त्याच्यावर विसंबू नका. नुसत्या आज्ञेवर भागलं असतं तर त्या पाहणीतले आकडे असे नसते. हाक आणि ‘सोड’ यांनी मिळतात ते दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत त्याला दाराला बांधा आणि लगेच मागे फिरून उचला. पिशवी हातावर उलटी चढवून उचला, खराटा-केरभरणीनं उचला, मातीत असेल तर खुरप्यानं खालची थोडी मातीही खरवडून घ्या. संडासात टाकून पाणी सोडा. ते जमत नसेल तर विहिरीपासून लांब खोल खड्डा करा. अळूच्या किंवा कोथिंबिरीच्या वाफ्यात खत म्हणून मात्र घालू नका.

घरात दोन कुत्री असतील तर एकाचं करून झाल्याशिवाय दुसऱ्याला सोडू नका. पहिल्याच्या मागे दुसरं टपून उभं असतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. तोंडाला जाळीचं मुसकं बांधायचा सल्ला काही जण देतात. बाहेर फिरवताना, अनोळखी घाणीपासून वाचवायला, थोडा वेळ, सवय लावून, ठीक आहे. पण मुसकं बांधून अंगणात एकटं सोडलेलं हावरं कुत्रं शीवर जाळी दाबतं, ती जाळीत भरते, आणि मग ते तासभर आत चाटत बसतं. शिवाय त्या मुसक्यात त्याला नीट धापही टाकता येत नसेल तर एप्रिल-मे महिन्यात काय होईल ते सांगायला नको.

‘हे सगळं ठीक आहे हो, पण आम्ही दोघंही नोकरीला जातो.’ हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप, म्हणून त्याला उत्तर देतो. निघायच्या आधी कुत्र्याला पोट रिकामं होईपर्यंत फिरवा. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांचं दिवसाचं मोठं काम सकाळीच उरकतं. दिवसभर अंगणाचा जो भाग त्याला मोकळा आहे तो निघताना एकदा पायाखाली घाला, झाडाखाली, नळापाशी, कुंपणाच्या कडेनं. फाटकाखालची फट विटांनी बुजवा, म्हणजे बाहेरच्यांची भर पडणार नाही. कुत्रा एकाच जागी बांधलेला राहणार असेल तर तो जिथे बसतो तिथेच करेल आणि बसायची जागा कोरडी ठेवायला दुसरं काय करणार, हा प्रश्न स्वतःला विचारा. अशा घरानं कुत्रा आणण्याआधीच विचार करायला हवा होता, पण आणलाच आहे तर दुपारी एक चक्कर मारणारं कोणी शोधा. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा बहुधा आनंदानं येतो. त्याच्याशी बोली करताना उचलायचं कामही त्यात धरलं आहे, हे तोंडानं सांगा आणि त्याचे पैसे द्या. मावशींशीही तसंच. रविवारी दोघंही घरी असता, तेव्हा खराटा कोणी धरायचा हे मात्र बाहेरच्यानं सांगायची गोष्ट नाही.